बातमीतून गाळलेला रेडा

"या बातमीतला एक, फक्त एक शब्द खोटा दाखवा आणि गाव राखा!" राजा अचलराव गरजले. "नाही दाखवता आला, तर पौर्णिमेच्या आत करवंदवाडी रिकामी करा!"

करवंदवाडीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. सरकारी बातमीदार त्र्यंबकपंतांनी भर दरबारात खणखणीत आवाजात बातमी वाचली होती : "करवंदवाडीच्या लोकांनी धोंडे उचलले. अंमलदारसाहेबांच्या दिशेनं भिरकावले. साहेब जीव मुठीत धरून पळाले. त्यांची पगडी धुळीत लोळली."

"महाराज, साहेबांच्या मागं माजलेला रेडा लागला होता!" पाटील काकुळतीला आले. "धोंडे त्या रेड्याला मारले आम्ही! नाहीतर साहेब शिंगांवर असते!"

"रेडा?" त्र्यंबकपंत गोड हसले. "बातमीत रेडा कुठं आहे?"

नव्हताच! कसा असेल? अंमलदार पडले पंतांचे सख्खे मेहुणे. मेहुणा रेड्याला भिऊन पळाला, असं कोण लिहील? म्हणून पंतांनी रेडा तेवढा गाळला. बाकी अक्षर न् अक्षर खरं! आणि अचलराव एकदा बोलले की बोलले. साक्षात ब्रह्मदेव आला तरी माघार नाही.

गर्दीत बयजा कासारीण उभी होती. करवंदवाडीचीच. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायची, राजवाड्यात राणीवशालाही बांगड्या भरायची. गावाबरोबर तिचंही घरदार जाणार होतं. पण पंतांचं ते गोड हसू पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"महाराज, उत्तर मी देते!" ती पुढं झाली. "पण त्यासाठी उद्याची दवंडी माझी. मी सांगेन तेच दवंडीवाल्यानं ओरडायचं."

"आणि खोटं ओरडायला लावलंस तर?"

"एक शब्द खोटा निघाला तर गावाच्या आधी मी चालू लागेन!"

"आणि सगळे खरे निघाले तर?"

"तर महाराजांनी चिडायचं नाही!"

दरबारात खसखस पिकली. राजानं मिशीवर ताव देऊन मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बयजा राणीसाहेबांना चुडा भरत होती. हात चुड्यावर, पण डोळा समोरच्या ओसरीवर! तिथं महाराज आणि प्रधानजी बुद्धिबळाच्या पटावर वाकले होते. डाव संपला, महाराजांनी कपाळावर हात मारला, तशी बयजा पेटी उचलून वाऱ्यासारखी सुटली.

थोड्याच वेळात चौकाचौकात हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! महाराजांचे दोन्ही हत्ती गेले! घोडे गारद झाले! वजीर पडला! राजाला चहूकडून घेरलं, हलायला जागा उरली नाही! आणि हे केलं कुणी? प्रधानजींनी हो, प्रधानजींनी!"

झालं! नगरात हलकल्लोळ उडाला. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. हलवायानं जिलेबी कढईतच सोडून धूम ठोकली. सेनापती एका पायात जोडा, एक पाय अनवाणी, अशा थाटात तलवार उपसून वाड्यात घुसले आणि त्यांनी प्रधानजींची मानगूटच धरली! तोच दारातून प्रधानजींच्या सासूबाई आल्या, ओवाळणीचं ताट घेऊन.

"जावईबापू राजे झाले म्हणे! सिंहासन कुठाय?"

"मी काही केलं नाही हो!" प्रधानजी केकाटले.

महाराज नव्या डावासाठी सोंगट्या मांडत होते. सगळा प्रकार कळला आणि ते लालबुंद झाले. "बोलवा त्या बयजाला!"

बयजा आली. मान ताठ. तिच्या मागोमाग गोड हसत त्र्यंबकपंतही आले.

"खोटारडे! ही असली बातमी?"

"कोणता शब्द खोटा, महाराज? एक दाखवा!"

महाराज बोटांवर मोजू लागले. "हत्ती... गेले. घोडे... तेही गेले. वजीर... पडला." ते थबकले. मग एकदम उसळले, "अगं, पण ते बुद्धिबळ होतं!"

"आणि तो रेडा होता, महाराज!"

त्र्यंबकपंतांचं गोड हसू ओठांवरच वाळलं.

आणि मग महाराजांच्या पोटातून असं हसू फुटलं की पटावरच्या सोंगट्या गडगडल्या! सेनापती हसले, मानगूट सुटली तसे प्रधानजी हसले. सासूबाई तेवढ्या विचारत राहिल्या, "मग सिंहासन नाहीच का?"

"शब्द मागं घेतो, गाव राहिलं!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि पंत, उद्याची दवंडी तुम्हीच द्यायची. स्वतःच्या तोंडानं, गल्लोगल्ली. रेडा गाळायचा नाही! मेहुण्यांनाही सोबत न्या, काही विसरलात तर ते आठवण करून देतील."

राणीसाहेबांनी बयजाला जवळ बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिला सोन्याच्या पाटल्या चढवू लागल्या. कष्टाचं मनगट ते, पाटली मधेच अडली.

"हात सैल सोड गं!" राणीसाहेब म्हणाल्या.

"घ्या!" बयजा खळखळून हसली. "जन्मभर हे मी दुसऱ्यांना सांगत आले. आज पहिल्यांदाच ऐकतेय!"