खांड्याशी लागलेले लग्न

एका राज्यात राजे लढाईला स्वतः जात आणि लग्नाला तलवार पाठवत. वधूचे घराणे शत्रूचे असले की नवरदेव घरीच बसे. त्याचा खांडा पालखीतून जाई आणि वधूने त्या खांड्यालाच माळ घालायची. यात काही वावगे आहे असे तिथे कुणालाच वाटत नसे.

त्या राज्याचा राजा अरिमर्दन. शेजारच्या राजाशी तो नऊ वर्षे लढला. दोन्हीकडची माणसे थकली तेव्हा तह झाला, आणि तहात शेजाऱ्याने आपली मुलगी हेमकला द्यायची ठरली. तिला कोणी विचारले नाही. खांडा आला, तिने माळ घातली, त्याच्यासोबत सात पावले चालली आणि सासरी आली.

पण त्या खांड्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत होता. राजाच्या पणजोबांनी कपटाने त्याला पोलादात कोंडले होते. शंभर वर्षे तो गप्प होता, माळ पडताच बोलू लागला. लग्न माझ्याशी लागले, तेव्हा बायको माझी, असे त्याने ठणकावून सांगितले. राजाराणी एका दालनात आली की खांडा दोघांच्या मध्ये उभा राही, धार राजाकडे करून. राजानेही फारशी खटपट केली नाही. शत्रूच्या मुलीशी बोलायचे तरी काय, असे म्हणून तो शिकारीला निघून गेला. हेमकला अकरा महिने एकटी जेवली.

होता होता दसरा आठ दिवसांवर आला. पहिल्या दसऱ्याच्या दरबारात राणी राजाच्या शेजारी बसलेली माहेरच्या वकिलाला दिसली पाहिजे, नाही दिसली तर तह मोडला, असे कलम होते. दोन राज्यांमधल्या खिंडीच्या दोन्ही अंगांना सैन्ये टपून होती. तिकडे हेमकलेचे भाऊ होते. इकडे, जिने तिला पहिल्या दिवशी रडताना पाहून जवळ घेतले, त्या दासीचे दोन मुलगे होते. कोणीही मेले तरी सुतक हेमकलेलाच.

तिच्या खिडकीत कुंभारवाड्यातली एक मैना येत असे. ती म्हणाली की आमच्या आळीत नवराबायकोचे पटले नाही तर चारचौघांपुढे काडी मोडतात आणि मोकळे होतात. थोरामोठ्यांत ही रीत नाही, म्हणून त्यांची दुखणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. हेमकलेला ते पटले. ती तडक खांड्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मला काडीमोड हवा."

"देईन," खांडा म्हणाला. "नागसरोवराचे पाणी आण. शिखरावरच्या गरुडाचे पीस आण. आणि या घराण्याचा राजा आण, निःशस्त्र, मान लववून."

हेमकला पायीच निघाली. सरोवराच्या काठी सात फण्यांचा नाग होता. घागरी घेऊन आलेल्या सगळ्यांना त्याने गिळले होते. हिने आधी नमस्कार केला आणि पाणी घेऊ का, असे विचारले. आजवर कोणी विचारलेच नव्हते, म्हणून नागाने स्वतः घागर भरून दिली.

शिखरावरच्या गरुडाने पिसाच्या बदल्यात एक खरी गोष्ट मागितली, कोणालाही न सांगितलेली. हेमकलेने घागर खाली ठेवली.

"राजा माझा झाला नाही याचे मला दुःख नाही," ती म्हणाली. "मला कोणी विचारले नाही, याचे आहे."

गरुडाने पीस दिले. ती खाली उतरली तेव्हा तिचे पाऊल हलके पडत होते.

दसऱ्याला दरबार भरला. वकील आला. राणी दारात आली तशी खांडाही मध्ये येऊन उभा राहिला. तिने पाणी ठेवले, पीस ठेवले, आणि तिसरी मागणी सर्वांसमक्ष राजाला सांगितली. प्रधानाने कपाळाला हात लावला. राजाने तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले. हिच्या पायांना एवढी वाट चालवली, मग माझ्या मानेला काय झाले, असे त्याच्या मनात आले. त्याने कट्यार काढून ठेवली, पाते छातीला टेकेपर्यंत पुढे आला आणि मान लववली.

"शत्रूच्या दारी वाकायची मला लाज वाटली, म्हणून खांडा पाठवला. चूक माझी. पणजोबांचीही."

"मोड काडी," खांडा म्हणाला.

हेमकलेने काडी मोडली. खांड्याचा धूर झाला. धुरातून एक म्हातारा बाहेर पडला, त्याने आळोखेपिळोखे दिले आणि गावाकडची वाट विचारून तो निघून गेला.

आता पंचाईत झाली. ही कोणाचीच राणी नाही, मग तह कुठे उरला, असे म्हणत वकील उठला. पण हेमकला चालत गेली आणि राजाशेजारच्या आसनावर बसली.

"मला बसवलेले नाही, मी बसले आहे," ती वकिलाला म्हणाली. "बाबांना तसे सांगा. उद्या मीही माहेरी येते आहे."

राजाने हळूच विचारले, "परत याल?"

"ते विचारायला यावे लागते. स्वतः."

दिवाळी सरल्यावर राजा एकटा खिंडीतून चालत गेला. कमरेला काही नव्हते. नऊ वर्षे ज्याच्यावर नेम धरला तो असा चालत येताना पाहून पलीकडच्या सैनिकांनी धनुष्ये खाली ठेवली, मग अलीकडच्यांनीही. हेमकलेच्या वडिलांनी त्याला हेमकलेकडेच पाठवले. तिने विचार करायला तीन दिवस मागून घेतले. राजा तीन दिवस ओसरीवर बसून राहिला, तिच्या भावांच्या पंक्तीला जेवला. चौथ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली आणि हो म्हणाली. तोवर खिंडीतले सैनिक आपापल्या घरी पोहोचलेही होते.