पांढरमाळच्या पासोडीतली पट्टी

पांढरमाळच्या निवासी शाळेत मुले पांघरतात त्या पासोड्या तिथल्याच मागावर विणलेल्या असतात. प्रत्येकीत पांढऱ्या सुतामध्ये एक ओबडधोबड पट्टी दिसते. कुठे लोकर, कुठे सुतळी, कुठे जुन्या लुगड्याच्या चिंध्या. पाहुण्यांना ती विणणाऱ्याची चूक वाटते. मग स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तुळसाक्का त्यांना बसवून घेतात आणि पूर्वापार ऐकलेली हकिकत सांगतात.

फार मागे या जागी म्हादाप्पा कोष्टी आणि त्याची बायको येसूबाई राहत. त्यांची एकुलती लेक तापाने गेली, तेव्हा तिने विणायला घेतलेली पासोडी मागावर अर्धीच होती. येसूबाईने मागाच्या त्या खोलीला कडी घातली. पुढे केरोबा नावाचे मास्तर लांबच्या वाड्यांवरची मुले घेऊन आले. पोरांना राहून शिकायला जागा हवी होती. येसूबाई म्हणाली, "सगळं घर वापरा. पण त्या खोलीत कुणी पाऊल टाकलं, तर बिऱ्हाड उचलायचं."

मुले ओसरीवर लिहू-वाचू लागली. त्यांत घोंगड्या विणणाऱ्या सनगराची धुरपा नवी होती. तिला घरची फार आठवण येई. एका दुपारी बंद खोलीतून खटखट ऐकू आली. मास्तरांनी डोकावले, तर कडी काढून धुरपा मागावर बसली होती. घरून आणलेली काळी लोकर तिने त्या पांढऱ्या पासोडीत वीतभर विणून टाकली होती. कापड मागावर अर्धे सोडू नये, एवढेच तिच्या घरी शिकवलेले.

मास्तरांनी मुलांना सामान बांधायला सांगितले. येसूबाई आली. बराच वेळ ती त्या पट्टीवरून हात फिरवत राहिली, असे सांगतात.

"सुताच्या पासोडीत धागा असा ठोकून बसवतेस होय गं? हे काय घोंगडं आहे?"

"उसवू का, काकू?"

"नको. असू दे. सरक जरा."

लेकीची पासोडी दोघींनी मिळून पुरी केली. सकाळी पाटी आणि दुपारी माग, हा शाळेचा क्रम तेव्हापासून पडला. त्या हिवाळ्यात ती एकच पासोडी सगळ्या मुलांना पुरली, म्हणे.

आजही नवे मूल आले की धाग्याचा धोटा इकडून तिकडे कसा टाकायचा ते दाखवून त्याला मागावर बसवतात आणि घरून आणलेल्या धाग्याची पट्टी विणू देतात. विणता विणता बहुतेक मुले रडतात. त्यांना कुणी उगी म्हणत नाही. वरच्या वर्गातले एखादे मूल शेजारी येऊन बसते, आणि धागा संपला की पुढचा हातात देते.