राजाने घडवलेली शिवी

राजा चंडसेनाला एक शिवी हवी होती, आणि तीही दिवस मावळायच्या आत.

त्याचा किल्लेदार शेजारच्या राजाला दरवाजा उघडून देऊन तिकडेच पळाला होता. दवंडीवाला रावबा 'फितूर' म्हणून पुकारू लागला, तसा राजा कडाडला, "फितूर, घरभेदी, अस्तनीतला निखारा! वापरून वापरून गुळगुळीत झाल्या या शिव्या. माझ्या राज्यात कुणी कधी दिली नाही अशी शिवी आण. मात्र ऐकताच ती लहानथोरांना कळली पाहिजे. नाहीतर हलगी ठेव आणि गाव सोड."

रावबा घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "कुणी ऐकलीच नाही, ती कळायची कशी गं?"

येसू, त्याची लेक, नदीवरून धुणं घेऊन आली होती. तिने पिळे दोरीवर टाकले. "चला बाबा. शिवी मी सांगते, तुमची जीभ चाचरेल."

दरबारात ती म्हणाली, "महाराज, शिवी आहे 'दुर्गमित्र'."

राजाच्या उजव्या हाताला बसलेले जाखोजी सरदार विडा चघळायचे थांबले. गेल्या दसऱ्याला त्यांनी शेजारच्या राजाचा किल्ला आतून उघडून चंडसेनाला दिला होता आणि ही पदवी मिळवली होती.

"पोरी, ती पदवी आहे. मी स्वतः दिलेली!"

"नदीच्या या काठावर पदवी, महाराज. पलीकडच्या बाया चोरापुढे शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला 'दुर्गमित्रा, हाड' म्हणतात. आपल्याकडे शिवी म्हणून अजून कोरी आहे."

"आणि आपल्या लोकांना कळेल कशावरून?"

"दारावरच्या भालदाराला विचारा."

"काय रे, कळली?"

भालदाराने जाखोजींकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. "कळली, सरकार. समजावून सांगावी लागली नाही."

राजाच्या कपाळावरची शीर उडू लागली. रावबाने डोळे मिटले. येसू मात्र हळूच म्हणाली, "आपल्या किल्लेदारालाही तिकडे एखादी पदवी मिळालीच असेल, महाराज. ती कळली की आपल्याला आणखी एक शिवी फुकट."

राजाने ओठ आवळले, गाल फुगवले, आणि मग तो असा हसला की खांद्यावरचा शेला खाली आला. राजा हसतोय म्हटल्यावर जाखोजींनाही हसावं लागलं.

"हलगी रावबाचीच! आणि तुला काय देऊ, पोरी? एखादी पदवी?"

येसू झटकन मागे सरली. "पदवी नको, महाराज. म्हैस द्या."