टाचेवरचा अंगठा

"बाळाच्या आईला नेमकं काय सांगितलंस?" डॉ. खांबेटेंनी विचारलं.

"खरं तेच सांगितलं, मॅडम," निनाद म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला ल्युपस आहे, त्यात शरीर स्वतःवरच उलटतं. तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरली. ती त्याच्या प्लेटलेट्स मारताहेत, म्हणून त्याचं रक्त लवकर थांबत नाही."

"आणि काही आठवड्यांत ती आपोआप निघून जातील, हे?"

"ते... राउंडला सांगणार होतो."

डॉ. खांबेटेंनी नुसतं काचेकडे पाहिलं. नवजात कक्षात त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून निनादने जिवाचं रान केलं होतं. सुवर्णपदक घेऊन आला होता गडी. ते त्याच्या चालण्यातही दिसायचं. बाईंचं हे असं नुसतं बघणं मात्र त्याच्या डोक्यावरून जायचं.

काचेपलीकडे बाळाची आई, रेश्मा, उभी होती. कालपासून तिनं लेकराला हात लावला नव्हता. दूधही पाजलं नव्हतं.

तेवढ्यात बाळाच्या, तपासणीसाठी टोचलेल्या टाचेतून पुन्हा रक्त आलं. निनादने कापूस दाबला. उचलून पाहिलं. पुन्हा दाबला, पुन्हा पाहिलं. रक्त येतच होतं. त्याला घाम फुटला.

बाईंनी दार उघडलं. "रेश्मा, हात धुऊन आत ये."

"मी नको, बाई... माझ्यापायीच तर झालंय सगळं."

"साबण तिथं आहे."

रेश्मा हात धुऊन आली. बाईंनी तिचा अंगठा धरून कापसावर ठेवला.

"दाबून धर. उचलून बघायचं नाही."

तिनं नजर दुसरीकडे वळवली. बाळ कुरकुरलं तशी ती पुटपुटली, "झालं हं, सोन्या, झालं..." मग ती बाळावर वाकली. निनादला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

बऱ्याच वेळाने बाईंनी कापूस काढला. टाच कोरडी होती.

रेश्मा टाचेकडे बघतच राहिली. मग दबक्या आवाजात तिनं विचारलं, "पाजू का?"

"पाज की."

बाहेर आल्यावर निनादला राहवेना. "मॅडम, नीट दाबून धरलं की रक्त थांबतंच. त्यात आईचं काय? कुणाच्याही हातानं थांबलं असतं."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही."

डॉ. खांबेटेंनी मान डोलावली.

"हं... मग तिच्याही."