कापूरचा पाचवा आठवडा

"पेढ्याच्या एवढ्याशा तुकड्यानं... जीव जाईल का त्याचा, बुवा?" शिष्य विश्वंभरनं विचारलं.

चिंतामणबुवा मठाच्या ओसरीत फरशीवर बसून कुत्र्याच्या श्वासाकडं कान लावून होते.

कापूर. मठाचं पांढरंशुभ्र कुत्रं. आता त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून मिटले होते, ओठ लोंबत होते, आणि दर श्वासाला घशातून बारीक शिट्टी वाजत होती.

"डॉक्टरीणबाई निघाल्यात," विश्वंभर म्हणाला. "अर्धा तास लागेल म्हणाल्या."

शिट्टी थांबली. विश्वंभर पुढं वाकला.

...पुन्हा वाजली.

दोन वर्षं कापूर अंग खाजवून रक्तबंबाळ व्हायचा. कुणी म्हणे देवाचा कोप, कुणी पिसाळलं समजून दगड उचलायचं. शेवटी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "रोजच्या खाण्यातलंच काहीतरी बाधतंय. दूध, गहू, कोंबडी, काहीही असेल. आठ आठवडे त्यानं कधीच न खाल्लेलं तेवढंच द्या. मग एकेक पदार्थ देऊन बघू. तोवर दुसरा कणही नको."

कधीच न खाल्लेलं म्हणजे मासे आणि लाल भोपळा.

"मठात मासे?" विश्वंभर कडाडला होता. अकरा वर्षांत त्याचा एक नेम चुकला नव्हता. तो असताना मठाच्या दारातून मुंगीही उपाशी जात नाही, असं गाव म्हणायचं, आणि ते त्याला ऐकायला आवडायचं.

बुवा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. नदीपलीकडच्या भोयांकडून स्वतः मासे आणले, मठामागं तीन दगडांची चूल मांडली आणि बिनमिठाचे उकडले. रोज.

पाचव्या आठवड्यात कापूरच्या पोटावर नवी लव आली. तो दुपारभर शांत झोपू लागला.

आज गुरुवार. आरती झाली, पेढे वाटले. आणि आता हे.

डॉक्टरीणबाई आल्या. सुई टोचली. कापूरच्या गळ्याशी दोन बोटं धरून बसून राहिल्या. विश्वंभरला जप सुचेना. तो नुसती कुत्र्याची बरगडी बघत होता... वर, खाली. वर...

कितीतरी वेळानं शिट्टी विरली.

"वाचला," बाई म्हणाल्या. "दूधच दिसतंय. पण बाकीचं कळायला हवं, तर आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढच्या खेपेला मी वेळेवर पोचेनच, असं नाही."

बाई गेल्या. कापूरनं कशीबशी मान उचलली, आणि विश्वंभरची बोटं चाटायला जीभ बाहेर काढली.

विश्वंभरनं विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. बोटांना पेढ्याचा चिकटा तसाच होता.

तो बोटं धोतराला पुसू लागला.

बुवा उठले. तांब्या आणला. शिष्याचा हात हातात घेऊन एकेक बोट धुऊ लागले. नखाच्या कडा, पेरं, सगळं.

"बुवा, हे काय करता... मी धुतो."

बुवा धूत राहिले.

"प्रसाद होता तो," विश्वंभरचा आवाज फुटला. "देवाचा प्रसाद विष होईल, हे मला कसं कळावं? पाच आठवडे त्या मुक्या जिवाला गोडाचा कण नाही. मला बघवेना. एवढासा तुकडा होता, बुवा..."

"मागायला आला होता?"

"कोण?"

"कापूर."

विश्वंभरच्या ओल्या हातावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"नाही," तो म्हणाला. "...झोपला होता. मीच हलवून उठवला."

बुवांनी आपल्या उपरण्यानं त्याचा हात कोरडा केला.

"मग भूक कुणाला लागली होती, विश्वंभर?"