बंदुकीची पावती

त्या मुलखात बंदुका कासवं करत आणि बिघडल्या तर दुरुस्तही कासवंच करत. दुसऱ्या कुणाला ते काम जमलं नसतं असं नव्हे. पण त्या कामाला जो निवांतपणा लागतो, तो पाठीवर ढाल घेऊन जन्मलेल्यालाच परवडतो. प्रत्येक बंदुकीच्या दस्त्यावर 'आजन्म हमी' असे दोन शब्द कोरलेले असत. कासवं भरपूर जगतात. त्यामुळे हे शब्द कोरताना त्यांचा हात कधी अडखळला नाही.

नदीच्या अलीकडे, डोंगरातल्या एका खिंडीपाशी भेकरांचा कळप राहत असे. कळपाकडे एकच बंदूक होती आणि ती गेरूच्या नावावर होती. गेरू खिंडीच्या तोंडाशी एका चपट्या दगडावर बंदूक घेऊन उभा राही. पलीकडून लांडगा येई, नळी बघे, आभाळाकडे बघितल्यासारखं करी आणि परत जाई. इतक्या वर्षांत बंदूक एकदाही उडाली नव्हती. उडवायची वेळच आली नव्हती.

एके सकाळी बंदूक पुसताना गेरूच्या लक्षात आलं की चाप अडकतोय.

"कधी दाबलाच नाहीस तो," त्याचा धाकटा भाऊ भिंगऱ्या म्हणाला. "अडकला काय अन् न अडकला काय! लांडग्याला काय कळतंय?"

"लांडगा विचारतो रे अधूनमधून. बंदूक चालते ना, म्हणून. मी आजवर 'चालते' म्हणत आलो."

"मग अजून म्हण."

"आता चालत नाही ना पण," गेरू म्हणाला.

गेरूला खोटं बोलता येत नसे. यात त्याचा मोठेपणा काही नव्हता. कुणाला पोहता येत नाही तसं त्याला ते येत नसे. भिंगऱ्याला येई, पण त्याला विचारायला कुणी येत नसे. भिंगऱ्या उठला की धावे, धावला की धडके, आणि धडकल्यावर कशाला धावत होतो ते आठवू लागे. वाचायला बसवलं तर दोन अक्षरं जुळवून तिसऱ्यापाशी त्याचे खूर वळवळू लागत. कळपातलं सगळं वाचन गेरू करी.

गेरू बंदूक घेऊन नदीपलीकडच्या कारखान्यात गेला आणि संध्याकाळी पावती घेऊन आला. पावतीवर पुढच्या बाजूला लिहिलं होतं : मालक, गेरू. मालक हयात, होय. तक्रार, चाप अडकतो. परत येण्याची मुदत, लवकरच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कारखान्याचे नियम होते. ही पावती मूळ वस्तूच्या जागी ग्राह्य धरावी. मागणाऱ्यास दाखवावी. खाडाखोड आढळल्यास हमी रद्द.

दुसऱ्या दिवशी गेरू पावती खुरात धरून दगडावर उभा राहिला. मूळ वस्तूच्या जागी ती ग्राह्य आहे असं छापलेलंच होतं.

लांडगा आला. तो वयस्क होता, नियमाने वागणारा होता आणि त्याला वाचायला आवडे.

"बंदूक कुठंय रे?"

"दुरुस्तीला गेलीय."

"मग?"

"पावती आहे."

"दाखव."

लांडग्याने पावती दोन्ही बाजूंनी वाचली. नियमांपाशी त्याने मान डोलावली. मग पुढची बाजू पुन्हा वाचली.

"लवकरच म्हणजे कधी?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

"आजसुद्धा येईल?"

"आजसुद्धा येईल," गेरू म्हणाला. तेही खरंच होतं.

लांडगा विचार करत बसला. भेकरू पोटात गेलं की लांडग्याला त्या दिवशी पळता येत नाही. तो जिथं खातो तिथंच आडवा होतो. आणि आडवं झाल्यावर नदीकडच्या वाटेने बंदूक आली, तर काय? त्याने पावतीची होती तशी घडी घातली, गेरूला परत दिली आणि तो गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा वाचून गेला. असा एक महिना गेला. पावती घड्यांवर मऊ पडली, पण शब्द शाबूत होता.

भिंगऱ्याला मात्र हे बघवेना. भाऊ कागदाचा तुकडा घेऊन लांडग्यासमोर उभा राहतो आणि कासवं तिकडे पाय पोटात घेऊन बसतात, हे त्याच्या डोक्यात जाई. एका सकाळी कुणाला न विचारता त्याने गेरूच्या उशाखालची पावती उचलली आणि तो थेट कारखान्यात जाऊन धडकला.

खिडकीत एक कासव बसलं होतं. त्याने मान बाहेर काढायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात भिंगऱ्याने खिडकीवर तीन वेळा खूर आपटले.

"महिना झाला, कासवकाका! एक चाप सरळ करायला महिना?"

"काम चालू आहे."

"कधी होईल?"

"लवकरच. तसं लिहून दिलंय बघ."

"लवकरच म्हणजे काय? ही काय तारीख झाली? तिकडं माझा भाऊ लांडग्याच्या तोंडासमोर उभा असतो. तुमचं बरंय, घर पाठीवर अन् तोंड आत!"

"रागावू नकोस," कासव म्हणालं. "आम्ही सगळ्यांना लवकरच लिहून देतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

"माझी आहे. नक्की दिवस लिहून द्या. शिक्का मारून द्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"नक्की दिवस?" कासवाने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बघ हं. एकदा लिहिला की लिहिला. खाडाखोड चालत नाही."

"लिहा!"

कासवाने मागे वळून कुणाला तरी विचारलं. ते वळायलाच दुपार झाली. मग त्याने 'लवकरच'वर शिक्का मारला आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलं : अमावास्या, दुपारनंतर.

भिंगऱ्या परतीच्या वाटेवर एकदाही थांबला नाही. आजवर सगळा कळप जे करू शकला नव्हता ते त्याने एका फेरीत करून आणलं होतं. दगडापाशी येऊन त्याने पावती गेरूसमोर टाकली.

"बघ! तारीख घेतली. आपण गप्प बसतो म्हणून चालतं हे सगळं. वाच, वाच ना दादा."

गेरूने वाचलं. अमावास्येला आठ दिवस होते. तो बराच वेळ वाचत राहिला. एवढ्या वेळात भिंगऱ्यानेसुद्धा ते दोन शब्द जुळवले असते.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही," गेरू म्हणाला. "अक्षर छान आहे." मग पावतीची घडी घालत म्हणाला, "बरं केलंस. पाय दमले असतील तुझे. पाणी पिऊन घे."

गेरूला खोटं बोलता येत नसे. 'बरं केलंस' हे त्याने कसं जमवलं, ते कळपात कुणालाच पुढे सांगता आलं नाही.

लांडगा दुसऱ्या दिवशी आला. पावती मागितली, वाचली. शिक्क्याखालचा शब्द, शेजारचा नवा शब्द, नवं अक्षर. खाडाखोड नव्हती. त्याने अमावास्येच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले, घडी घातली आणि पावती परत दिली. त्यानंतर तो फिरकला नाही. कळपात सगळे भिंगऱ्याचं कौतुक करू लागले. "एका कागदात लांडगा पळवला पोराने," सावळी मावशी म्हणाली. ती कळपातली सगळ्यांत जुनी भेकरीण, सहसा कुणाचं कौतुक न करणारी. भिंगऱ्या ते सगळे दिवस मान ताठ ठेवून चरला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी गेरूने मावशीला सांगितलं की डोंगराच्या मागच्या अंगाला आवळे पडलेत, पाडसांना घेऊन आज सगळे तिकडे जा. मग त्याने भिंगऱ्याला बोलावलं.

"कारखान्यात जाऊन ये. एखाद्या वेळी एक दिवस आधी तयार असेल. असली तर घेऊनच ये."

"आणि नसली तर?"

"तर तिथंच थांब. उद्या घेऊन ये. रिकामा येऊ नकोस, भिंग्या."

भिंगऱ्या निघालासुद्धा. वळून बघण्याची सवय त्याला नव्हती.

खिडकीतल्या कासवाने मान बाहेर काढली. त्याच्या मागे फळीवर गेरूची बंदूक तेल लावून उभी होती. नळीला चिठ्ठी बांधलेली होती.

"ती बघा, ती! आमचीच आहे. झाली ना?"

"झाली. चार दिवस झाले होऊन."

"मग द्या ना!"

"उद्या दुपारनंतर." कासवाने नोंदवही त्याच्याकडे फिरवली. "तारीख पडलीय. तारखेआधी वस्तू बाहेर काढता येत नाही. लवकरच असतं तर आत्ता दिली असती. चार दिवसांपूर्वीच आमच्या गाढवाबरोबर घरपोच पाठवली असती."

भिंगऱ्या खिडकीला डोकं लावून उभा राहिला. तो ओरडला, खिडकीची एक फळी त्याने लाथेने उखडली. कासवाने मान आत घेतली आणि तो दमेपर्यंत आतच ठेवली. मग भिंगऱ्या खिडकीखाली बसला. दादाने रिकामं येऊ नकोस म्हटलं होतं.

अमावास्येला दुपार कलली तशी कासवाने बंदूक खिडकीतून बाहेर सरकवली. क्षणभरही उशीर झाला नव्हता. कारखान्याच्या इतिहासात दिलेल्या शब्दाला जागून परत गेलेली ती पहिली बंदूक होती, आणि आतल्या कासवांनी त्याबद्दल एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

खिंडीपाशी कळप उभा होता. दगड रिकामा होता. गवत एका जागी गोल दबलं होतं, जसं मोठं जनावर पोट भरून दिवसभर निजल्यावर दबतं.

"कधी?" भिंगऱ्याने विचारलं.

"काल," मावशी म्हणाली. "आम्ही पलीकडं होतो. कळलंच नाही रे. भुंकलासुद्धा नाही तो. एकदा जरी भुंकला असता तरी—"

भेकराचं भुंकणं नदीपलीकडे ऐकू जातं. कारखान्यापर्यंत नक्की जातं.

मावशीने पावती दगडाखालून काढून दिली. ती नीट घडी घालून दगडाखाली ठेवलेली होती. घडी कुणाची, गेरूची की लांडग्याची, ते ओळखता येत नव्हतं. दोघं सारखीच घालत.

भिंगऱ्याने बंदूक खिंडीकडे रोखली आणि चाप दाबला. चाप अडकला. पुन्हा दाबला. पुन्हा अडकला. नळीला बांधलेली चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती. त्याने खाली बसून ती एकेक अक्षर लावत वाचली. आयुष्यात पहिल्यांदा तो तिसऱ्या अक्षराच्या पुढे गेला. तपासली. दोष आढळला नाही.

तो उठला आणि धावत सुटला. कासवाच्या पाठीवर ती बंदूक आपटून तिचे तुकडे करायचे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. नदीच्या पाण्यात तो एकदा पडला, बंदूक त्याने पाण्याबाहेर धरली. खिडकीपाशी पोचेपर्यंत दुसरी सकाळ झाली होती. उखडलेली फळी तशीच लोंबत होती. शेजारी एक कागद डकवला होता : दुरुस्ती लवकरच.

भिंगऱ्या त्या कागदासमोर उभा राहिला. लांडग्याला पहिल्यांदा पावती वाचायला जितका वेळ लागला होता, जवळजवळ तितकाच.

"काय तक्रार?" कासवाने विचारलं.

भिंगऱ्याने बंदूक हळूच खिडकीत ठेवली.

"चाप अडकतो."

"तपासली होती की."

"पुन्हा तपासा. आजन्म हमी आहे."

"ती मूळ मालकाची." कासवाने नवी पावती पुढे ओढली. "मालक?"

"गेरू."

"मालक हयात आहे?"

भिंगऱ्याने खाली पाहिलं. मग वर पाहिलं.

"आहे," तो म्हणाला.

कासवाने लिहिलं. मुदतीच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली. "तारीख लिहून हवी असेल ना? मागच्या वेळी केवढा तमाशा केला होतास."

"नको. तुम्ही सगळ्यांना लिहिता तेच लिहा."

तिसऱ्या दिवशी लांडगा खिंडीत आला. दगडावर भिंगऱ्या उभा होता. तो हलत नव्हता. त्याला एवढा वेळ एका जागी उभं राहिलेलं कळपाने कधी पाहिलं नव्हतं.

"बंदूक?"

"दुरुस्तीला."

"दाखव."

लांडगा वाचू लागला. वाचता वाचता त्याचे ओठ हलू लागले, मग आवाज बाहेर आला. "मालक, गेरू." तो थांबला. पुढची ओळ त्याने डोळ्यांजवळ धरून वाचली. "मालक हयात, होय." त्याने पावती उलटून नियम पाहिले, खाडाखोड आहे का ते उजेडावर धरून पाहिलं, आणि पुन्हा पुढची बाजू वर केली.

"परत येण्याची मुदत," त्याने वाचलं, "लवकरच."

वाऱ्याने गवत हललं. गोल दबलेलं गवत अजून नीट उठलं नव्हतं.

"लवकरच म्हणजे कधी?" लांडग्याने विचारलं.

"ते त्यांनी सांगितलं नाही."

"आजसुद्धा येईल?"

"आजसुद्धा येईल," भिंगऱ्या म्हणाला.

लांडग्याने घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून उलगडून पुन्हा घातली. पावती दगडावर ठेवून तो निघाला. चार पावलांवर थांबून त्याने मान वळवली. तो भिंगऱ्याकडे बघत नव्हता. भिंगऱ्याच्या मागे नदीकडून येणारी जी रिकामी वाट होती, तिच्याकडे बघत होता.

मग भिंगऱ्यानेही वळून पाहिलं.