पायलीतला एक शेर

तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका कोरड्या मुलखाच्या राणीने तळं बांधायला काढलं आणि सटवाजी पाथरवटाला बोलावणं धाडलं. सटवाजीच्या हाताला तोड नव्हती. त्याने रचलेल्या भिंतीत मुंगीला वाट सापडत नसे.

त्या मुलखाची रीत अशी, की संध्याकाळी धन्याने स्वतःच्या हाताने मजुरी पाथरवटाच्या उपरण्यात घालायची. मग धनी दोन शब्द बोलायचा, पाथरवट चार गाऱ्हाणी सांगायचा. पण हे काम मोठं, माणसं पुष्कळ. तेवढ्यात एक मुकादम पुढे आला.

"राणीसाहेब, उन्हातान्हात तुम्ही कशाला येता? रोज माणशी पायलीभर ज्वारी माझ्याकडे द्या. पुढचं मी बघतो."

राणीला हायसं वाटलं. इथेच चुकलं बघा! मुकादमाने वाटपाला मेहुणा ठेवला, मेहुण्याने आपला साडू. ज्याने त्याने हात मारला आणि चार शेरांच्या पायलीतला एक शेर तेवढा सटवाजीच्या उपरण्यात पडला.

"एवढीच?" सटवाजीने मुकादमाला गाठून विचारलं.

"राणीचाच हात आखडता, त्याला मी काय करू?" मुकादम म्हणाला. "नको असेल तर दुसरे रांगेत उभे आहेत."

घरी खाणारी तोंडं होती. सटवाजी तेवढेच दाणे बांधून घरी गेला. राणीला जाऊन विचारावं असं फार वाटे, पण अभिमान आडवा येई. शेवटी तो मनाशी चरफडला, 'शेरभर दाणे, तर शेरभरच काम!' दगडांच्या सांध्यातल्या फटी बारीक चिपा ठोकून बुजवणं त्याने सोडून दिलं. वरून भिंत देखणीच दिसत होती.

तळं भरलं आणि भिंत नेमकी सटवाजीच्या हातची फुटली. माणसं वाचली, पण पाणी सगळं वाहून गेलं.

राणी चिखलात येऊन उभी राहिली. "सटवाजी, रोज पायलीभर ज्वारी दिली रे तुला. तरी असं काम?"

"पायली?" सटवाजी म्हणाला. "मला तर शेरच मिळत होता, राणीसाहेब."

मुकादमाला शोधायला माणसं धावली. तो केव्हाच शेजारच्या राज्यात मजूर पुरवायला निघून गेला होता.

"एकदा येऊन विचारायचंस तरी," राणी म्हणाली.

"तुम्ही तरी एकदा यायचं होतं," सटवाजी म्हणाला आणि रडू लागला.

घरी परतताना त्याला बायको दिसली. रिकामा हंडा घेऊन ती पुन्हा दूरच्या झऱ्याकडे निघाली होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

तात्पर्य: काम देणारा आणि काम करणारा एकमेकांना भेटेनासे झाले, की मधल्याचं भरतं आणि दोघांचंही बुडतं.